कणगीतल्या गोळ्या

अक्का, काल तुझा तेरावा झाला. जेवणं उरकली, पाहुणे गेले, आणि आज सकाळी आठ वाजता मी सवयीनं दोन पेले पाणी घेऊन परसात आले. एक तुझा, एक माझा. तुझा पेला लिंबाच्या मुळाशी ओतला आणि मला तुझा इतका राग आला की विचारू नकोस. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू देत. तू होतीस तेव्हा आपण भांडायचं काही बाकी ठेवलं नव्हतं, आता तू नाहीस म्हणून मी एकदम शहाणी होऊन बसणार नाही.

काल सकाळी घरात एक गोष्ट झाली. ती तुला सांगायची म्हणूनच लिहायला बसले आहे. पण आधी मला भांडून घेऊ दे, नाहीतर ती माझ्या तोंडातून निघायची नाही.

या घरात तू थोरली सून, मी मधली. सात वर्षं मी तुला अहो-जाहो केलं. अक्का म्हणायचे, पण ‘तुमी’ लावून. तू पदर सारखा करत हुकूम सोडायचीस आणि मी मनातल्या मनात तुला उलट बोलायचे. मग थोरले भाऊजी गेले, दोन वर्षांनी माझा नवरा गेला. दोघे भाऊ एकाच ट्रकवर होते, हैदराबाद-सोलापूर-मुंबई. मेंढरं कमी होत गेली, हायवे रुंद होत गेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं चालणाऱ्या आपल्या घरातली माणसं गाडीवर चढली. त्यांनी घरी काय आणलं ते आपल्याला फार उशिरा कळलं. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात आपल्या दोघींचे एचआयव्हीच्या तपासणीचे कागद एकाच दिवशी हातात पडले. बाकड्यावर बसून मी म्हणाले, “अक्का, आता तुमी काय करनार?” तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, “सुशे, आता दोगी एकाच रोगाच्या हाव. तुमी तुमी कामून करायलीस? तू म्हन.” त्या बाकड्यावर, असला कागद हातात धरून, मला हसू आलं. त्या दिवसापासून तू ‘तू’ झालीस.

भाऊजींच्या वेळी सोलापूरच्या डॉक्टरांनी एक वाक्य सांगितलं होतं. औषध आहे, पण ते आपल्यासाठी नाही. बाहेरच्या देशात तयार होतं, त्याची किंमत ऐकायचीसुद्धा आपली ऐपत नाही, तुम्ही यांना घरी न्या आणि चांगलंचुंगलं खाऊ घाला. तू ते वाक्य कधी विसरली नाहीस. भाकरी करताना, मेंढरांना पाला टाकताना मध्येच म्हणायचीस, “हाय, पन आपल्यासाठी न्हाई.” मला त्या वाक्याचा वीट आला होता. मग आपल्याच देशातल्या कारखान्यांनी त्या महागड्या औषधांची आपली आवृत्ती काढली. तीन औषधं एका गोळीत. किंमत धाडकन खाली आली, आणि पुढं काही वर्षांनी सरकार ती गोळी फुकट द्यायला लागलं. नकली औषध म्हणून नाकं मुरडणारे भेटले. त्या नकलीनं तुझं वजन भरलं, माझा खोकला गेला, आणि तू पहिल्यांदा ते वाक्य बदललंस. गोळ्यांची बाटली कानाशी हलवून म्हणालीस, “आली बग. आपल्यासाठी आली.”

पण आली ती चोरासारखी ठेवायची. घरात सासूबाई, ज्यांना आपण आत्याबाई म्हणतो, आणि धाकटा दीर मल्लू. मल्लूचं लग्न व्हायचं होतं. आणि मी अंगणवाडीत. गावातली पन्नास लेकरं माझ्या हातची उसळ खायची. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत मी आणि पातेलं, दोघंच उरलो असतो. बाटलीवरचा कागद सोलून काढला तरी बाटली ओळखू येते, सगळ्या जिल्ह्यात तीच एक बाटली. जागा तू शोधलीस. देवघरातला भंडाऱ्याचा पितळी डबा. खंडोबाची हळद भरलेला तो डबा आत्याबाईंनी सोडून दिलेला, त्यांचे हात कापायचे. पोरांनी त्याला शिवायचं नाही, परक्यानं बघायचं नाही, उतरवायचा मान फक्त थोरल्या सुनेचा. तू दोघींच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तळाशी ठेवल्यास, वर भंडारा पसरलास. पिशवीची गाठ कितीही आवळली तरी गोळ्या पिवळ्या व्हायच्याच. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला देवाला हात जोडायचे, मूठ झाकून परसात यायचं, दोन पेले, दोन गोळ्या. आत्याबाई शेजारणीला कौतुकानं सांगायच्या, “सुना लई देवभोळ्या हायत माज्या.”

मी म्हणायचे, “अक्का, पाप लागंल.” तू जिभेवरची हळद पुसत म्हणायचीस, “कशाचं पाप? मल्हारी आन् सरकार, दोगं मिळून सांभाळायलेत.”

तीन वर्षं सांभाळलं त्यांनी. मग ती यात्रा आली.

आपल्या घरची रीत तुला काय सांगायची, तीच तुला नडली. यात्रेला घरातला डबा मैलारला न्यायचा, जुना भंडारा देवावर उधळायचा, नवा भरून आणायचा. दर वर्षी मल्लू निघायच्या आदल्या दिवशी तू पिशवी काढून घ्यायचीस. त्या वर्षी त्याला कारखान्यातून रजा दोन दिवस आधी मिळाली. गावची चार माणसं टेम्पोनं निघाली होती, मैलार करून पुढं नळदुर्गच्या खंडोबापर्यंत पायी जाणार होती. आपण दोघी पहाटेच तूर कापायला गेलो होतो. मल्लूनं अंघोळ केली, थोरली सून घरात नाही म्हणून डबा स्वतःच उचलला, आत्याबाईंनी त्याच्या कपाळाला मळवट भरला. आपण दुपारी घरी आलो तर डब्याची देवळी रिकामी. तू तिथंच मटकन खाली बसलीस. आत्याबाईंना वाटलं उन्हाचं झालं, त्या गुळाचं पाणी घेऊन आल्या.

माझ्या अंगणवाडीच्या पिशवीत अठरा गोळ्या होत्या. कधी उशीर झाला तर असाव्यात म्हणून मी थोड्या थोड्या तिथं ठेवल्या होत्या. एका माणसाला नऊ दिवस, दोघींना साडेचार. मल्लू नवव्या दिवशी येणार होता. मी म्हणाले, गुलबर्ग्याला जाऊ, दुसऱ्या मागू. तू म्हणालीस, “काय सांगशील? गोळ्या देवासंगं यात्रेला गेल्या म्हनून?” तिथं उरलेल्या गोळ्या मोजून मग पुढच्या देतात, हे आपल्याला पाठ होतं. शिवाय तारखेआधी दोघी जावा गुलबर्ग्याला का निघाल्या, ते आत्याबाईंनी विचारलंच असतं. मग मी म्हणाले, वाटून घेऊ. तेव्हा तू उठलीस, तोंड धुतलंस, आणि अगदी साध्या आवाजात म्हणालीस, “माज्या हायत की. कणगीत एक पुरचुंडी ठेवलीया मी, असंल नसंल म्हनून. तू तुज्या घे.”

मी माझ्या घेतल्या. त्या नऊ दिवसांत तू आठाच्या ठोक्याला कणगीकडं जायचीस, मूठ झाकून परसात यायचीस, हात तोंडाला लावायचीस आणि पाणी प्यायचीस. माझ्याच शेजारी उभी राहून.

नवव्या दिवशी डबा परत आला तर पिशवी तळाशी तशीच; मल्लूनं वरचाच भंडारा उधळला असेल, अशी आपण समजूत करून घेतली. पुढच्या वर्षी तुझ्या तोंडात फोड आले. गाल आधीच बसले होते, तळपाय रात्रंदिवस जळायचे, पण ते त्या गोळीनं सगळ्यांचंच व्हायचं. आता वजनही उतरायला लागलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की ही गोळी आता हिला लागू पडत नाही, दुसऱ्या टप्प्याचं औषध द्यावं लागेल. तू विचारलंस, “कुटं मिळंल?” डॉक्टरांनी फाइल मिटली. तिच्या मिटण्यातच मला जुनं वाक्य ऐकू आलं.

आहे, पण आपल्यासाठी नाही. सरकार ते औषध देत होतं, पण मोजक्याच मोठ्या शहरांत, समितीपुढं उभं राहून. बाजारात म्हणशील तर मी हैदराबादला जाऊन आले, तुला ठाऊक आहे. औषधांच्या घाऊक बाजारात दहा दुकानं पालथी घातली. एका म्हाताऱ्या दुकानदारानं चिठ्ठी दोनदा वाचली आणि परत दिली. म्हणाला, “आपा, बनती यहींच है, जाती बाहर है. हमारे लोगां को नहीं मिलती.” जी मिळत होती तिची किंमत माझ्या कित्येक महिन्यांच्या मानधनाएवढी, आणि तीही दर महिन्याला. मी विचारलं, पहिली गोळी स्वस्त झाली तशी ही का होत नाही? त्यानं समजावलं की कायदा बदलला. परदेशी कंपनीनं हक्काचा दावा टाकलाय, त्याचा निकाल लागेपर्यंत दुसरा कुणी मोठ्या प्रमाणावर करायला धजत नाही.

घरी येऊन मी तुला ते भाकरीचा दाखला देऊन सांगितलं. आधी भाकरी कशी करायची त्या रीतीवर हक्क असायचा, दुसऱ्यानं वेगळ्या रीतीनं केली तर चालायची. आता भाकरीवरच हक्क. कुणी कशीही थापली तरी ती त्यांचीच. तू चुलीपुढं बसली होतीस. मला वाटलं आता तू शिव्या घालशील. तू म्हणालीस, “पन हुडकली तर त्येंनीच न्हवं?”

तिथून जे आपलं भांडण लागलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुझ्या बापाचा नावाजलेला मेंढा होता, आठ गावांत त्याला मागणी. तू म्हणायचीस, “माजा बाप मेंढा द्यायचा दुसऱ्याच्या कळपात. बदल्यात एक कोकरू घ्यायचा. मेंढा त्याचा, त्यानं खाऊ घालून वाढवलेला. एक कोकरू नगं का त्याला?” मी तडकायचे. “अक्का, हे कोकरू मागायले न्हाईत. वीस वर्सं तुमच्या कळपात जन्मंल ते समदं आमचं, म्हनायलेत. आन् तवर दुसऱ्या कुनी मेंढा पाळायचाच न्हाई.” तू विचारात पडायचीस. मग म्हणायचीस, “वीस वर्सं? तवर कळप ऱ्हातोय व्हय?” आणि हसायचीस. तुला मरण दिसत असताना तू त्या कंपनीला एक कोकरू देऊ करत होतीस, याचा मला इतका संताप यायचा की मी उठून बाहेर जायचे.

मल्लू तर आणखीच एक गंमत. तो हुमनाबादच्या बाजूला एका कारखान्यात, औषधांची पावडर करतात तिथं. कशाची पावडर, ते त्याला ठाऊक नाही. पिपं भरायची, झाकणं आवळायची, गाडीवर चढवायची. पिपं परदेशी जातात एवढंच त्याला माहीत. त्याचे सदरे धुताना तू वास घ्यायचीस. एकदा मी पकडलं तर म्हणालीस, “कुनाला ठाऊक, ह्याच सदऱ्यात माजी गोळी असंल.” आणि खसाखसा घासायला लागलीस. मी तुझ्या हातातून सदरा ओढून घेतला. मला ते बघवेना.

कुणीतरी सांगितलं की त्या औषधाची जुनी कॅप्सूल कुठं कुठं मिळते, पण ती फ्रीजमध्ये ठेवावी लागते. उकाड्यात टिकणारी गोळी निघाली होती म्हणे, पण ती आधी थंड देशांत गेली. आपल्या गावात, चिंताकीत, तेव्हा फ्रीज एकच, स्टँडवरच्या थंड पेयांच्या दुकानात, आणि लाइट दिवसातून चार तास. मी म्हणाले, त्याला विचारू, काही सांगून ठेवू. तू पोट धरून हसलीस. “म्हंजी गोळी घ्यायला स्टँडवर जायचं? आन् थंड्याची बाटली सोडून मला काय दे म्हनू?” आपण दोघी किती हसलो त्या दिवशी. ती कॅप्सूल आपल्याला मिळालीच नाही, ती गोष्ट वेगळी.

या रोगाच्या माणसांसाठी झगडणाऱ्या संघटनेनं त्या पेटंटवर, म्हणजे कंपनीच्या हक्काच्या दाव्यावर, हरकत घेतली तेव्हा आपल्यासारख्या माणसांच्या सह्या गोळा केल्या. कागद इंग्रजीत होता. तू विचारलंस, ह्यात काय लिहिलंय? मी सांगितलं, हे औषध दुसऱ्यांनाही करू द्या असं लिहिलंय. तू म्हणालीस, “आन् एक कोकरू त्येंना द्या, असं बी लिहा म्हनावं.” मी डोक्याला हात लावला. मग तू पाय मुडपून नीट बसलीस आणि मराठीत सही केलीस, एकेक अक्षर कोरून. ती करायला तुला मीच शिकवली होती, बचतगटाच्या वेळी. त्या खटल्याच्या तारखा अजून पडताहेत. कुठल्यातरी कचेरीतल्या कपाटात तुझी सही आहे, आणि तू नाहीस.

आता बेंगळूर. हे मी तुला कधी माफ करणार नाही. केवढ्या खटपटीनं दुसऱ्या टप्प्याच्या औषधासाठी तिथल्या समितीपुढं आपली तारीख लागली होती. आत्याबाईंना नातेवाइकाच्या लग्नाला जातो म्हणून सांगितलं. समितीतल्या बाईंनी कन्नडात विचारलं, आधीच्या गोळ्या कधी चुकल्या का? नाही म्हणायचं, अक्का. एक शब्द. संघटनेच्या मुलीनं गाडीत बसायच्या आधी तुला बजावलं होतं, की औषध थोडं आहे, जे नेमानं घेतात त्यांना आधी देतात. आणि तू सरळ सांगितलंस, “व्हय. नऊ दिस चुकल्या. माजी भूल झाली.” डब्याचं नाव नाही, यात्रेचं नाही, मल्लूचं नाही. माझी भूल. त्यांनी ते लिहून घेतलं. सहा महिने समुपदेशन घ्या, नेमानं गोळ्या खाऊन दाखवा, पुन्हा तपासणी करू, मग बघू. म्हणजे जी गोळी लागू पडत नाही असं त्यांचेच कागद सांगत होते, तीच तू सहा महिने नेमानं खाऊन दाखवायची. त्या बाईंचा तरी काय दोष. त्यांच्यापुढं औषध मूठभर आणि दारात माणसांची रांग. कुणाला नाही म्हणायचं, त्याला काहीतरी कारण लागतं. आपण त्यांना आयतं दिलं.

परतताना गाडीत तू मला म्हणालीस, “सुशे, कणगीत कायबी नव्हतं ग. तुला घास गिळवला नसता म्हनून तसं म्हनले.” मी तोंडाला पदर लावला. मग मी तुला इतकं बोलले, इतकं बोलले, की समोरचे लोक वळून बघायला लागले. खोटारडी म्हणाले. फसवलंस म्हणाले. आयुष्यभर खरं बोलायचा मक्ता घेतलास तो समितीपुढं, आणि खोटं बोलायला तुला मीच बरी सापडले. तू शेंगांची पुडी सोडलीस आणि सोलायला लागलीस. म्हणालीस, “झालं का बोलून? मग शेंगा खा.”

सहा महिने तू नेमानं खाल्ल्यास. एकही चुकली नाही. चौथ्या महिन्यात टीबी आला आणि पुन्हा बेंगळूरला जायची ताकद तुझ्यात उरली नाही. मी डॉक्टरांना विचारलं, ते नऊ दिवस नडले का? ते म्हणाले, तसं ठामपणे सांगता येत नाही, कदाचित ती गोळी तिला तशीही पुरली नसती. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी विचार करत राहिले की ज्यांच्याकडं पैसा आहे ते लोक गोळ्या विसरत नसतील का? प्रवासात पिशवी हरवत नसेल का, कंटाळा येत नसेल का? येत असेल. मग त्यांना दुसरी गोळी मिळते, दुसरी बिघडली तर तिसरी. चुकायची मुभा असते त्यांना. आपल्याला एकच गोळी स्वस्त करून मिळाली होती, म्हणून आपण एकदाही चुकायचं नव्हतं. देवाचा डबा दोन दिवस आधी यात्रेला गेला, एवढ्या चुकीला माणसानं मरावं? हे मी कुणाला विचारू? तुझ्या त्या कोकरूवाल्यांना?

शेवटच्या आठवड्यात, बीदरच्या दवाखान्यात, तू डोळे न उघडता म्हणालीस, “सुशे, एक कोकरू द्याय पायजे. पन एकच.” मी उत्तर दिलं नाही. मी रागात होते, आणि आपल्या भांडणात शेवटचा शब्द तुझा व्हावा हे मला कधी सहन झालं नाही. आता सांगते. तुझं बरोबर होतं. तुझ्या हिशेबानं चाललं असतं तर त्यांचंही पोट भरलं असतं आणि तूही असतीस.

आता कालची गोष्ट.

सुतक फिटलं. देव घासायला काढले. भंडाऱ्याचा जुना डबाही रिकामा करून, चिंचेनं घासून, नवा भरायचा होता. आता थोरली सून मी, डबा उतरवायचा मान माझा. पण माझे हात पुढं होईनात. तळाशी तुझ्या शेवटच्या महिन्याच्या गोळ्या होत्या आणि माझ्याही. आत्याबाई चुलीपाशी होत्या. मी टाळाटाळ करत होते, तेवढ्यात मल्लू आला. त्यानं डबा उतरवला, माझ्यापुढं पाटावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, “वैनी, आदी तुमचं काडून घ्या.”

तो खाली बसला. आपला मल्लू, ज्याला तू न्हाऊमाखू घातलंस, तो मान वर करेना. म्हणाला, “मला मैलारातच कळलं व्हतं. भंडारा उधळाया डबा उगडला तर पिशवी. गोळ्या वळखल्या मी. दादाच्या टायमाला दवाखान्यात पोस्टरं बगितली व्हती.” मी विचारलं, मग परत का आला नाहीस? मैलार ते घर, अर्ध्या दिवसाची वाट. तो म्हणाला, “निगालो व्हतो. फाट्यापस्तोर आलो. मग वाटलं, यात्रा सोडून कामून आलास म्हनून आई इचारंल, गाव इचारंल. तुमचं नाव निगंल. म्हनून तसाच पुडं गेलो. नळदुर्गापस्तोर डबा छातीशी धरून गेलो, वैनी. भंडारा बी उधळला न्हाई त्यातला.”

नऊ दिवस तो तुझ्या गोळ्या छातीशी धरून चालत होता, अक्का. आपली अब्रू राखायला. आणि इकडं तू रिकामी मूठ तोंडाला लावत होतीस. मी पिशवी काढून घेतली. त्यानं डबा घासला, नवा भंडारा भरला आणि देवळीत ठेवला. मग जाताना दारात थांबून म्हणाला, “तुमच्या आता वरच ठिवा, फळीवर. मी आईला सांगतो काय सांगायचं ते.” रात्रभर मला त्याचा राग आला नाही. त्यानं निदान सांगितलं.

म्हणून आता माझी पाळी. गाडीत मी तुला खोटारडी म्हणाले, चारचौघांत म्हणाले, आणि तू शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत राहिलीस. मला तेव्हाही बोलता आलं नाही, दवाखान्यातही नाही. यात्रेच्या आधीच्या आठवड्यात नवी ज्वारी यायची म्हणून ती कणगी मीच रिकामी केली होती, अक्का. तू माहेरी गेली होतीस तेव्हा. आत उतरून झाडली, शेणानं सारवली, तळापर्यंत हात फिरवला. तिच्यात काही नव्हतं. तू पुरचुंडी म्हणालीस तेव्हा मला ठाऊक होतं, आणि मी माझ्या अठरा गोळ्या पदरात बांधल्या.